यादीतला क्रमांक आणि आमची प्रार्थना

तरसालीस आमच्या घरी बुधवारी संध्याकाळी जी प्रार्थनासभा भरते तिला मोठी माणसे दहाबारा व मुले चारपाच असतात. बहुतेक कुटुंबे मकरपुऱ्याच्या कारखान्यांत नोकरी मिळाली म्हणून बडोद्यास आलेली. कोणी नगरकडचे, कोणी जालन्याचे, कोणी नाशिकचे. गेल्या पावसाळ्यापासून या सभेत आम्ही एका बंधूंसाठी नेमाने प्रार्थना करीत आहोत. त्यांचे यकृत निकामी होत चालले आहे. पोटात पाणी साचते, डोळे हळदीसारखे पिवळे झाले आहेत, आणि एखाद्या दिवशी बोलताबोलता त्यांना घरच्या माणसांची नावे आठवेनाशी होतात. नवे यकृत बसविणे हा एकच उपाय, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर अहमदाबादच्या एका रुग्णालयात त्यांचे नाव यादीत नोंदविण्यात आले. तेव्हापासून सभेत कोणी ना कोणी म्हणतोच, की प्रभो, आमच्या बंधूंना लवकर यकृत मिळू दे. आणि आम्ही सर्व जण आमेन म्हणतो.

एका रविवारी शब्बाथशाळेत अकरा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "बाई, काकांना यकृत मिळायचं म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी मरावं लागेल ना? मग आपण ते मरावं म्हणून प्रार्थना करतो का?" बाई अनुभवी आहेत, पण त्या दिवशी त्यांनी "असं बोलू नये ग" म्हणून वेळ मारून नेली आणि दुपारी त्या आमच्याकडे आल्या. आमच्याजवळही तयार उत्तर नव्हते. शिवाय मुलीने प्रश्नाचा अर्धाच भाग विचारला होता. उरलेला अर्धा आम्हांला नंतर सुचला, आणि तो अधिक कठीण आहे. यकृत आले तरी ते एकच येणार, आणि यादीत नावे अनेक. आमच्या बंधूंना ते मिळावे असे म्हणणे म्हणजे दुसऱ्या कोणाला ते मिळू नये असे म्हणणे. त्या दुसऱ्यासाठीही कोठे तरी, कोणत्या तरी घरी, कोणी प्रार्थना करीतच असेल.

प्रथम मुलीच्या प्रश्नाकडे वळू. मूत्रपिंड निकामी झाले तर डायलिसिसवर माणूस काही वर्षे काढतो. यकृताचे काम वर्षानुवर्षे करील असे यंत्र अद्याप नाही. जिवंत माणूस आपल्या यकृताचा भाग कापून देऊ शकतो, कारण उरलेला भाग पुन्हा वाढतो. निर्माणकर्त्याने या अवयवात ठेवलेला हा गुण आम्हांला नेहमीच नवलाचा वाटत आला आहे. दुसरा मार्ग मेंदू मृत झालेल्या व्यक्तीच्या यकृताचा. आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने त्याला परवानगी मिळाली. चार डॉक्टरांच्या मंडळाने निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मृत्यूचा निर्णय द्यावयाचा, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या तुकडीतला कोणीही त्या मंडळात असावयाचा नाही, असा नियम आहे. म्हणजे कोणाला मिळावे म्हणून कोणी मरत नाही. मृत्यू महामार्गावरच्या अपघाताने किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाने आधीच झालेला असतो. व्हेंटिलेटरमुळे छाती तेवढी हलत असते. आमची मागणी त्या मृत्यूसाठी नाही. तो झाल्यावर त्या घरच्यांच्या तोंडून 'हो' यावे, एवढ्यासाठी ती आहे.

हे उत्तर खरे आहे, पण त्याने आमचे पुरते समाधान झाले नाही. तरसालीच्या शेजारून राष्ट्रीय महामार्ग ४८ जातो. हेल्मेट न घालता भरधाव जाणारी मुले आम्ही रोज पाहतो आणि त्यांच्या रक्षणासाठीही प्रार्थना करतो. ती प्रार्थना पूर्णपणे ऐकली गेली तर आमच्या बंधूंची वाट आणखी लांबेल. दोन्ही प्रार्थना एकाच तोंडाने कराव्या लागतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. मुलांना हे सांगावे की नाही, असे बाईंनी विचारले. आम्ही म्हटले, सांगावे. ज्या मुलीला प्रश्न पडला तिला हे समजेलही.

आता उरलेला अर्धा भाग. एका यकृतासाठी दहा रोगी असतील तर ते कोणास द्यावे?

हा प्रश्न जुना नाही. डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे माणसावर पहिले यकृत प्रत्यारोपण केले, तेव्हा ते मूल शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावले. १९६७ मध्ये पहिले यश आले. तरीही पुढील दहाबारा वर्षे शंभरातले तीसपस्तीस रोगीच वर्षभर जगत. सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर ते प्रमाण दुप्पट झाले, आणि १९८३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने हा उपचार आता केवळ प्रयोग राहिलेला नाही असे जाहीर केले. भारतात १९९८ साली दिल्लीस एका तान्ह्या मुलाला त्याच्या पित्याच्या यकृताचा भाग बसविण्यात आला. ते पहिले यशस्वी प्रत्यारोपण. आज चांगल्या रुग्णालयांत शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक रोगी पहिले वर्ष पार करतात. उपचार हमखास नव्हता तोवर यकृत कोणाला हा वाद नव्हता. तो लागू पडू लागला आणि रांग लागली.

आपल्या देशातली रांग मोठी आहे आणि द्यावयास थोडे आहे. २०२३ साली भारतात ४,४९१ यकृत प्रत्यारोपणे झाली. त्या साली मेंदूमृत दाते होते १,०९९. म्हणजे बहुतेक यकृते जिवंत नातेवाइकांकडून आली. दहा लाख लोकवस्तीमागे आपल्याकडे असा एक दाताही मिळत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातले बेथेसदा तळे वाचकांना आठवत असेल. पाणी हलले की जो पहिल्याने उतरेल तो बरा व्हावयाचा. अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य तेथे पडून होता, आणि त्याचे गाऱ्हाणे असे की पाण्यात सोडावयास त्याला माणूस नाही. तो जाईतो दुसराच कोणी उतरतो. शब्बाथशाळेत आपण हा धडा विश्वासाचा म्हणून शिकवितो. पण वाटपाचा धडा म्हणून तो एकदा वाचून पाहावा. जो पहिल्याने पोचेल त्याचे, हा नियम दिसावयास निःपक्षपाती आहे. आणि तरी त्याचा लाभ नेमका ज्याचे दुखणे हलके, ज्याचे पाय धड आणि ज्याचे नातलग जवळ, त्यालाच होतो. सर्वांत आजारी तो मागे.

अमेरिकेत २००२ पर्यंत यकृताच्या यादीत कोण किती दिवसांपासून वाट पाहत आहे याला बरेच वजन असे. ते वाचताना आम्हांला त्या तळ्याची आठवण झाली. ज्याला लवकर चांगला डॉक्टर भेटला, ज्याच्या घरच्यांनी वेळीच धावाधाव केली, त्याचे नाव आधी चढे. फेब्रुवारी २००२ मध्ये तेथे हा नियम बदलला. त्यामागे एक गुणांकन होते, त्याला मेल्ड म्हणतात. ते मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी तयार केले व त्यांत डॉ. पॅट्रिक कामत हे आपल्या देशातून गेलेले एक डॉक्टर प्रमुख होते. रक्ताच्या तीन तपासण्या करावयाच्या: बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा वेळ. त्यांवरून सहा ते चाळीस यांमधला एक आकडा निघतो. दहाच्या आतला आकडा असलेल्या शंभर रोग्यांतले तीन महिन्यांत दोनेक दगावत. चाळिशीला टेकलेल्यांतले सत्तर. ज्याचा आकडा मोठा त्याला पहिले यकृत. तो कोण, कोणाचा कोण, सज्जन की दुर्जन, हे रक्ताला विचारता येत नाही.

आमच्या एका मित्रांना हे मानवत नाही. माणसाच्या जिवाचा निवाडा आकड्याने कसा करावयाचा, असे ते म्हणतात. आम्हांला उलट वाटते. आकडा आला म्हणून शिफारशीची चिठ्ठी गेली. परंतु आकड्यालाही चूक होते, हे मान्य केले पाहिजे. क्रिएटिनिन हे स्नायूंतून येते. बायकांचे स्नायू कमी, म्हणून तेवढ्याच आजारी बाईचा आकडा पुरुषापेक्षा लहान निघे आणि ती यादीत मागे पडे. ही चूक काढून टाकणारे सुधारलेले सूत्र अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये लागू झाले. एकवीस वर्षे लागली. तोवर त्या सूत्राला सर्व जण निःपक्षपाती म्हणत होते आणि म्हणणाऱ्यांच्या मनात काही पाप नव्हते.

याहून खोल प्रश्न वेगळाच आहे. सर्वांत आजारी त्याला प्रथम, हे ऐकताच आपले मन होकार देते. आपल्याला तसेच शिकविलेले आहे. पण सर्वांत आजारी तो शस्त्रक्रियेनंतरही जास्त दगावतो. तेच यकृत थोड्या कमी आजारी माणसाला दिले तर ते कदाचित वीस वर्षे चालेल. एका यकृताने जास्तीत जास्त आयुष्य जोडावे, की जो आज बुडतो आहे त्याला प्रथम हात द्यावा? ब्रिटनने मार्च २०१८ पासून वेगळा हिशेब सुरू केला. प्रत्येक रोगी या यकृतासह पाच वर्षांत किती जगेल आणि यकृताविना किती जगेल, याचे गणित करून ज्याचा फरक सर्वांत मोठा त्याला यकृत द्यावयाचे. कल्पना विचारपूर्वक केलेली होती. पण पुढे असे ध्यानात आले की तरुण रोगी त्यात मागे पडतात. हिशेबाची नजर पाचच वर्षे पुढे जाते. पंचविशीतल्या मुलीपुढे पन्नास वर्षे असली तरी तिच्या खात्यावर पाचच मांडली जातात, आणि आजार तिला साठीच्या माणसाइतका लवकर नेत नाही म्हणून फरक लहान दिसतो.

दुसऱ्या टोकालाही एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या नोंदी तपासून २००५ साली असे दाखविण्यात आले की ज्यांचा आकडा पंधराच्या खाली आहे त्यांना यकृत बसविल्यास पहिल्या वर्षात, न बसविलेल्यांपेक्षा, मृत्यूचाच धोका अधिक. आमच्या बंधूंचा आकडा सुरुवातीस तेरा होता. "अजून नाही, थांबा," असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा आम्ही सर्व जण मनातून रागावलो होतो. गरिबाला म्हणून थांबवितात, असेही कोणी बोलून गेले. थांबविणे हाच त्या वेळी उपचार होता, हे आम्हांला फार उशिरा कळले, आणि त्या डॉक्टरांविषयी जे बोललो ते आठवून आता लाज वाटते.

मार्काच्या पाचव्या अध्यायात याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारी आहे आणि प्रभू तिच्याकडे निघाला आहे. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो, विचारपूस करतो, तिच्याशी बोलतो. तिचे दुखणे जुने होते, त्या घटकेला जीव जाणार नव्हता. इकडे मुलगी मरते. आजच्या कोणत्याही अतिदक्षता विभागात अशा डॉक्टरला जाब विचारतील. येशू दोघींनाही देऊ शकला, कारण त्याच्याजवळ जे होते ते एकीला दिल्याने दुसरीला कमी पडणारे नव्हते. आमच्याजवळ एक यकृत, आणि तेही बर्फात ठेवून आठबारा तासांत बसवावे लागते. १९८८ साली जर्मनीत हॅनोव्हर येथे डॉ. पिखलमायर यांनी एक यकृत दोघांना विभागून दिले खरे. पण ते सर्व यकृतांच्या बाबतीत साधत नाही. पाच भाकरींची गोष्ट येथे सांगून चालत नाही, हे शिक्षकांनी मुलांपासून लपवू नये.

मग आमचे मत काय? आम्ही बुडत्याच्या बाजूचे आहोत, पण एका मर्यादेपर्यंत. यकृत बसवूनही जो वाचण्याची खरी आशा नाही त्याला ते देणे ही दया नव्हे. त्याच्या मागच्याचे जीवन आपण त्याच्याबरोबर पुरून टाकतो. ती मर्यादा कोठे आहे हे डॉक्टरांनी ठरवावे, आणि ती रोगी समोर येण्याआधी ठरलेली व सर्वांना ठाऊक असलेली असावी. समोर आल्यावर ठरविलेल्या मर्यादेत तोंड पाहिले जाते.

तोंड पाहण्याचाच एक प्रकार आमच्या सभेत घडला. आपल्या राज्यात दारूबंदी आहे, आणि मंडळीत तर विचारावयासच नको. यकृत बिघडले हे कळताच "पीत असतील हो" अशी कुजबुज झाली. वास्तविक त्यांना मधुमेह, आणि त्यातून यकृतात चरबी साचून ते निबर झालेले. हा आजार न पिणाऱ्यांत हल्ली पुष्कळ आढळतो. हे कळल्यावर कुजबुज थांबली आणि प्रार्थना वाढल्या. आम्हांला हे वाढणेच खटकले. ते पीत असते तर आम्ही काय केले असते? यकृत त्यांना मिळू नये असे म्हटले असते?

डॉक्टरांनाही हा प्रश्न पडलेला आहे. अनेक ठिकाणी असा नियम होता व काही ठिकाणी अजून आहे, की सहा महिने दारू सोडल्यावाचून यादीत नाव नाही. पण दारूमुळे यकृताला अचानक तीव्र सूज आलेला आणि औषधाला दाद न देणारा रोगी सहा महिने जगतच नाही. फ्रान्स व बेल्जियममधील डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, अशा निवडक रोग्यांना न थांबविता यकृत दिले तेव्हा शंभरातले सत्त्याहत्तर सहा महिने जगले. न दिलेल्यांतले तेवीस. निवड कडक होती. घरचे पाठीशी आहेत का, पुन्हा दारूकडे न वळण्याचा निश्चय आहे का, हे नीट पाहिले होते. येथे डॉक्टर विचारतात ते पुढचे: हे यकृत या माणसाच्या पोटात टिकेल का? आपण विचारतो ते मागचे: याची लायकी होती का? पहिला प्रश्न रास्त आहे. दुसरा प्रश्न विचारावयाचा तर तो साखर न सोडणाऱ्या मधुमेह्यालाही विचारावा लागेल, आणि मग उधळ्या पुत्राच्या दाखल्यातल्या थोरल्या भावाशेजारी आपल्यालाही अंगणातच उभे राहावे लागेल.

लायकीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो आम्हां बडोद्याच्या मराठी मंडळींना जवळून लागतो. गुजरात राज्याच्या नियमांत पूर्वी असे होते की येथे दान झालेला अवयव प्रथम राज्याचा अधिवासी असलेल्या रोग्यास द्यावा. त्यासाठी डोमिसाइल सर्टिफिकेट, म्हणजे अधिवासाचा दाखला लागे. अवयवाची वाट पाहणारे काही रोगी याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ही अट मनमानी ठरवून रद्द केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनानेही सर्व राज्यांना कळविले, की नोंदणीसाठी अधिवासाची अट घालू नये. पासष्ट वर्षांवरील रोग्यांना नोंदणीस असलेली आडकाठीही त्याच वेळी निघाली.

राज्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे सांगितले पाहिजे. येथील लोक दान करतात, येथील शासन पैसा खर्च करते, आणि बाहेरचे श्रीमंत येऊन यादीत पुढे बसतील, ही भीती होती. अशी उदाहरणे जगात आहेत. अॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज राहावयास कॅलिफोर्नियात. २००९ साली त्यांना यकृत मिळाले ते दूरच्या टेनेसी राज्यात, जेथे वाट कमी पाहावी लागे. त्यांनी नियम मोडला नाही, आणि त्या वेळी तेथील यादीत त्यांच्या रक्तगटाचे तेच सर्वांत आजारी होते. पण बोलावणे येताच दुसऱ्या राज्यात तडक पोचता यावे यासाठी जे लागते ते सर्वांजवळ नसते. बेथेसदाच्या तळ्याशी तेव्हा धड पाय लागत. आता विमान लागते. आमच्या बंधूंचे मेहुणे मुंबईस असतात. तिकडेही प्रयत्न करू का, असे त्यांनीही विचारलेच.

तरी दाखल्याची अट श्रीमंताला अडवीत नसे. ती अडवी ती दहा वर्षांत चार भाड्याची घरे बदललेल्या कामगाराला. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेतल्या मंडळीत अशीच कुरकुर झाली होती: रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्यांना गप्प बसविले नाही. तुम्ही मूळच्या कोठल्या असेही विचारले नाही. त्यांनी वाटणीसाठी सात माणसे नेमविली, आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती पळी दिली. आम्ही येथे तीन पिढ्या असून घरी मराठी बोलतो. आमच्या गुजराती शेजाऱ्यांनी व डॉक्टरांनी आम्हांला कधी परके म्हटले नाही. पण परका कोण हे कागदाने ठरविण्याची वेळ आली की कागद शेजाऱ्यासारखा वागत नाही. सुरतेहून मुंबईस विमानाने हृदये गेलेली आहेत. ती देणाऱ्या घरांनी घेणाऱ्याचा दाखला मागितला नव्हता.

यादी कितीही न्यायाची केली तरी यादीत नाव चढण्याआधी जे घडते त्याला ती हात लावू शकत नाही. खासगी रुग्णालयात या शस्त्रक्रियेस वीसपंचवीस लाख रुपये लागतात. आपल्या देशात अवयव मिळणाऱ्यांत बहुतेक पुरुष असतात, आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायका जास्त. यात सक्ती दिसत नाही, कारण सक्ती कोणी करीतच नाही; घरात सर्व जण एकदम गप्प होतात आणि मग बायकोच "मी देते" म्हणते. निरोगी माणसाच्या यकृताचा मोठा भाग काढणे हे बिनधोक नाही, क्वचित देणाराच दगावतो. आमच्या बंधूंच्या पत्नीनेही असेच म्हटले होते. तपासणीत त्यांच्या स्वतःच्या यकृतात चरबी निघाली म्हणून डॉक्टरांनी नकार दिला. त्या दिवशी त्या रडल्या. त्यांची आई मात्र आम्हांला एका बाजूला घेऊन म्हणाली, की देवाने ऐकलं. एकाच घरात दोन प्रार्थना होत्या.

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेने, जिला लोक नोट्टो म्हणतात, ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यांना सुचविले आहे की प्रतीक्षायादीत स्त्रियांना, तसेच पूर्वी ज्यांनी आपल्या मृताचे अवयव दिले त्यांच्या जवळच्या नातलगांना, अग्रक्रम द्यावा. पहिली गोष्ट आम्हांला पटते. दुसरीविषयी मन साशंक आहे. ज्याने दिले त्याला प्रथम, यात कृतज्ञता आहे. पण दान मग विम्याच्या हप्त्यासारखे दिसू लागते, आणि ज्याच्या घरी तसा प्रसंगच आला नाही त्या रोग्याचा काय दोष? वाचकांपैकी कोणाला याहून चांगले सुचत असेल तर त्यांनी अवश्य लिहावे.

आता त्या रात्रीची हकिकत. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन आला: यकृत आहे, निघून या, पण तुम्ही दुसरे आहात. पहिल्या क्रमांकाचा रोगी ऐनवेळी तापाने वगैरे अपात्र ठरला तर यकृत वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्यालाही बोलावून ठेवतात. एका बंधूंची गाडी काढली. द्रुतगती मार्गाने अहमदाबाद सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे. गाडीत आम्ही चौघे होतो आणि कोणी प्रार्थना सुरू करीना. करावयाची ती काय? पहिल्याला ताप यावा अशी? आमच्यातला प्रत्येक जण मनात तेच म्हणत असावा. निदान आम्ही स्वतः म्हणत होतो, हे येथे कबूल करतो. नडियाद मागे पडल्यावर आजारी बंधू स्वतःच बोलले. ते म्हणाले, "तो जो पहिला आहे ना, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करता येत नाही. पण करा." मग आम्ही केली. ती आम्हांला जड गेली.

पहाटे साडेतीनला परिचारिकेने येऊन सांगितले की पहिला रोगी आत गेला. आम्ही खालच्या चहाच्या टपरीवर चहा घेतला आणि परतलो. तरसालीस पोचलो तेव्हा आय.टी.आय.ची मुले सायकलींवरून निघाली होती.

ज्या घरातून ते यकृत आले त्याचाही विचार त्या परतीच्या वाटेवर प्रथमच नीट झाला. इतके महिने यादी आमच्या डोळ्यांपुढे होती. ती ज्यांच्या 'हो' वर चालते ते आमच्या प्रार्थनेत कोठेच नव्हते. आणि तो 'हो' आमच्यापैकी कोणी कधी दिला असता का? पुढच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या संमतीने अवयवदानाचे अर्ज मागच्या मेजावर ठेवले. आता आधार क्रमांकावरून संगणकावरही नोंद करता येते. तरी प्रत्यक्ष वेळ आली की घरच्यांच्या होकारावाचून डॉक्टर पुढे जात नाहीत, म्हणून घरी बोलून ठेवणे हेच मुख्य, असे आम्ही सांगितले. एका वृद्ध भगिनींनी विचारले, पुनरुत्थानाच्या दिवशी अपुऱ्या शरीराने कसे उठावयाचे? पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातली दाण्याची उपमा आम्ही त्यांना समजावून दिली. समुद्रात बुडालेल्यांचे व अग्नीत जळालेल्या रक्तसाक्ष्यांचे काय, असेही विचारले. त्यांनी ऐकून घेतले, पण अर्ज उचलला नाही. आम्ही आग्रह केला नाही.

मेजावरून अकरा अर्ज गेले. भरून परत आले ते चार, त्यांत एक शब्बाथशाळेच्या बाईंचा. त्या मुलीनेही एक मागितला होता; अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात असे तिला सांगावे लागले. बंधूंचा आकडा परवाच्या तपासणीत सत्तावीस आला. त्यांच्या पत्नी रात्री फोन उशाशी ठेवून निजतात, आणि बुधवारच्या सभेत आता त्यांच्या नावानंतर थोडा वेळ कोणीच बोलत नाही. मग कोणी तरी यादीतल्या बाकीच्यांसाठी मागते.